निरोगी रांग

धाकटीनं जेलचा तुकडा प्रकाशपेटीवर अलगद ठेवला आणि चष्मा पुसला. खरं तर तो स्वच्छच होता.

आतड्यातल्या एका जंतूचं विष नाना तऱ्हांचं असतं. ते कोणत्या तऱ्हेचं, हे जंतूच्या जनुकांवरून ओळखायचं हे तिचं काम. जेलवर प्रत्येक नमुन्याची एक रांग असते, आणि तीत प्रत्येक तऱ्हेची पट्टी आपापल्या जागी उमटते. बऱ्याचशा तऱ्हा चार दिवस पोट बिघडवून निघून जातात. एक मात्र लहान मुलांच्या मूत्रपिंडांवर उठते, तर मोठ्यांच्या पोटात कधीकधी काही त्रास न देताच राहते. तीच तिच्या पाच वर्षांच्या भाचीच्या रांगेत उमटली होती. पोर आठ दिवस इस्पितळात होती, त्यातले चार डायलिसिसवर.

ताई, भावोजी, घरातलं दूध, पाणी, सगळ्यांच्या रांगा कोऱ्या होत्या. स्वयंपाकाच्या बाईंचीही. त्यांना तर ताईनं पहिल्याच दिवशी नाही नाही ते बोलून घालवून दिलं होतं.

शेवटच्या रांगेत मात्र भाचीचीच पट्टी होती, नेमक्या त्याच जागी. ती रांग निरोगी नमुन्याची, म्हणजे कंट्रोलची. तुलनेला धडधाकट माणसाच्या शौचाचा नमुना लागतो, आणि असली वस्तू मागायची कोणाकडे? म्हणून इथे ज्याची पाळी तो मुकाट्यानं स्वतःचाच लावतो.

सर मागून डोकावले.

"अरे, कंट्रोल बोंबलला की! फेकून दे. उद्या माझा घे, मला दगडसुद्धा पचतात."

"तीनदा केलं, सर. हा आज सकाळचा ताजा आहे."

"पाळी कोणाची होती?"

तिनं हातमोजे उतरवले आणि बेसिनपाशी जाऊन हात धुऊ लागली. सरांनी खुर्ची तिच्याकडे सरकवली.

ती बसली नाही. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आत काही हललंच नाही. फक्त भाची आजारी पडण्याआधीच्या रविवारचं केळं आठवलं. मांडीवरच्या भाचीसाठी तिनं ते बोटांनीच कुस्करलं होतं. चमचा समोरच होता.

अहवालात निरोगी नमुन्याच्या नावाचा रकाना नेहमी रिकामाच सोडतात. तिनं तो भरला, नीट अक्षरात.

फोन वाजला. ताई होती.

"धाकटे, अगं, आज तिला भूक लागलीय! मी भरवते तर तोंड घट्ट मिटून बसलीय. मावशीच हवी म्हणे. येतेस ना?"

"येते. पण भरव तूच." तिचे हात अजून ओलेच होते. "आणि ताई, बाईंना परत बोलाव. त्यांच्याकडून नव्हतं आलं."

"मग कोणाकडून गं?"

"आल्यावर सांगते. दारातूनच."