फटफटी सुरू का झाली नाही

मित्रांनो, बोईसरच्या रेल्वे फाटकाजवळ एक गॅरेज आहे. त्याच्या मागच्या अंगाला, फुटक्या पिंपांच्या शेजारी, पत्र्याला टेकवून ठेवलेली एक फटफटी तुम्ही पाहिली असेल. तिला पुढचा दिवा नाही, सीट उंदरांनी कुरतडली आहे. ती मीच.

माझा जन्म मद्रासच्या कारखान्यात झाला. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम नुकतंच सुरू झालं होतं, त्या सुमारास शिरगावच्या कृष्णकांतशेटनी मला विकत घेतलं. त्यांची नारळाची वाडी होती आणि गवताची वखार होती. डोंगराकडची माणसं गवत कापायला येत, त्याच्या गासड्या बांधून मुंबईच्या तबेल्यांना पाठवल्या जात. मी दारात आले तेव्हा शेटच्या पत्नी जयवंतीबाईंनी मला कुंकू लावलं, माझ्या चाकाशी नारळ फोडला. पंचक्रोशीत दुसरी फटफटी नव्हती. माझा आवाज आला की लोक म्हणत, "शेट निघाले."

शेट मला मऊ फडक्याने पुसत. दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे. एवढी माया आपल्या वाट्याला आली म्हणून मी फार सुखात होते.

तो दिवस गवतकापणीचा होता. तारापूरच्या कामावर मजूर पुरवण्याचं कंत्राट शेटना हवं होतं. त्यासाठी मुंबईहून एक साहेब दुपारच्या गाडीने पालघरला उतरणार होते. त्यांना माझ्यावर बसवून शिरगावला आणायचं, किल्ला दाखवायचा, जेवू घालायचं, असं ठरलं होतं. सीटला नवं कव्हर घातलं होतं. आत जयवंतीबाई सकाळपासून चुलीपुढे होत्या.

एवढ्यात जिवल्या धावत आला. तो शेटच्या गवतकाप्यांतला सगळ्यांत जुना माणूस. धापा टाकत म्हणाला, "शेट, नवसीला घोणस चावली. पाय सुजून आलाय. गाडी काडा, पालघरला दवाखान्यात नेयाची हाय."

मागोमाग चौघांनी नवसीला आणून अंगणात निजवलं. ती जिवल्याची बायको. तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, पण ती शुद्धीवर होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी होते म्हणून तिला धीर आला असावा.

शेटनी तिच्याकडे पाहिलं, मग नव्या कव्हराकडे पाहिलं. सरळ नाही म्हणावं तर सगळी माणसं विळे टाकून उठली असती, उभं गवत वाळून गेलं असतं. ते म्हणाले, "अरे, विचारतोस काय? काढतो ना." आणि मला वळवण्याच्या निमित्ताने ते वाकले. त्यांचा हात टाकीखाली गेला. तिथल्या कॉइलमधून प्लगकडे जाणारी वायर त्यांनी हळूच उपसली.

मग त्यांनी किक मारली. पुन्हा मारली. घाम येईपर्यंत मारत राहिले. मी कशी सुरू होणार?

वखारीत गासड्या दाबायच्या यंत्रावर काम करणारा बळवंत पुढे आला. त्याने टाकी हलवून पेट्रोल आहे का पाहिलं. पेट्रोल होतं. कार्बुरेटर ओला होता. त्याने प्लग काढला, पुसला, इंजिनाला टेकवून धरला आणि म्हणाला, "शेट, मारा किक." ठिणगी पडली नाही.

"ठिणगीच नाय," बळवंत म्हणाला. "वायर बघू." आणि त्याने टाकीखाली हात घातला.

शेटनी त्याचं मनगट धरलं. "तिथे हात लावू नकोस! भलतंच काही करून ठेवशील. प्लग गेलाय. नवा प्लग पालघरशिवाय मिळायचा नाही."

बळवंतने हात मागे घेतला. जिवल्या हात जोडून उभा होता. शेट त्याला म्हणाले, "काय करू रे? आजच दगा दिला हिने." आणि सगळ्यांसमोर त्यांनी मला लाथ मारली.

जिवल्याने बांबूला गोधडी बांधून झोळी केली. तिच्यात नवसीला घालून ते पायीच पालघरच्या रस्त्याला लागले.

अंगण मोकळं झालं. शेटनी हात धुतले, पांढरा सदरा घातला, वायर होती तिथे बसवली. पहिल्याच किकला मी सुरू झाले.

साहेबांना आणायचा रस्ता तोच होता, मित्रांनो. अर्ध्या वाटेवर झोळी दिसली. जिवल्याने माझा आवाज ओळखला. तो वळला आणि त्याचा चेहरा उजळला. "नवसे, शेट आले बघ! गाडी सुरू झाली!" त्याने झोळी खाली टेकवली, नवसीला दोन्ही हातांवर उचललं आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहिला.

शेटनी मला कडेने घातलं. वेग वाढवला. जिवल्याची हाक धुरळ्यात मागे राहिली.

साहेबांना घेऊन परतताना ती माणसं एका चिंचेखाली बसलेली दिसली. नवसीच्या तोंडावर लुगड्याचा पदर ओढलेला होता.

"काय झालंय तिथे?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही साहेब," शेट म्हणाले. "पिऊन पडतात असेच."

दिवसकार्य आटोपल्यावर जिवल्या वाडीत आला. मागे सगळे गवतकापे होते. तो ओरडला नाही. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "शेट, एकच इचारायचा हाय. हिला काय झालता?"

"यंत्र आहे रे. त्याची लहर."

"मंग आमी गेल्यावर बरी कशी झाली?"

शेट काही बोलायच्या आत जयवंतीबाई घरातून बाहेर आल्या. त्या माझ्याजवळ आल्या, टाकीखाली हात घातला आणि वायर उपसून जिवल्यासमोर धरली. "ही काढली होती ह्यांनी. मी चुलीपुढच्या खिडकीतून बघितलं."

शेटचा हात उठला, पण एवढ्या माणसांपुढे तो तसाच राहिला. जिवल्या वायरकडे बघत नव्हता. तो बाईंकडे बघत होता.

"बघितला," तो म्हणाला, "तर तवा का नाय बोललीस, बाय?"

नवऱ्याचं कंत्राट, साहेबांचं जेवण, पाठीवर पडणारा मार, यांतलं काय सांगणार होत्या त्या?

गवतकापे विळे ठेवून निघून गेले. जिवल्या सफाळ्याकडे कुठेतरी कामाला गेला असं ऐकलं. गवत उभं वाळलं. पण कंत्राट मात्र शेटनाच मिळालं. त्यांनी जीप घेतली आणि "ही गाडी बेभरवशाची आहे" असं सांगून मला विकून टाकलं. जयवंतीबाई मी तिथे असेपर्यंत पुन्हा माझ्यावर बसल्या नाहीत. देवळात जायचं तरी चालत जात.

मित्रांनो, यंत्राची निगा राखा. तेल घाला, प्लग साफ करा, पावसात झाकून ठेवा. पण गाडी अडली असेल आणि दारात कुणाचा जीव जात असेल, तर नुसतं गाडीकडे पाहत बसू नका. मालकाच्या हातांकडेही पाहा. काही दिसलं, तर तिथल्या तिथे आणि मोठ्याने बोला. मागाहून बोललेलं झोळीतल्या माणसाला ऐकू येत नाही.