पट्टे दिसत नाहीत

मी शेगावात गाड्यांच्या काचा बसवतो. ठेकेदार पुंजाजीभाऊंची समोरची काच गिट्टी उडून फुटली, तीही त्यांनीच बांधलेल्या रस्त्यावर. नवी काच बसवून मी म्हणालो, "भाऊ, काच बदलली, आता तिच्यामागच्या कॅमेऱ्याची नजर पुन्हा जुळवाले त्याले रस्त्यावरचे पांढरे पट्टे दाखवा लागते. तोवर समोर काही आलं तरी गाडी आपोआप ब्रेक मारणार नाही."

"मंग चाल माह्या रस्त्यावर! मागच्याच महिन्यात पट्टे मारले."

वीस किलोमीटर गाडी हाणली. पट्टे सोडा, डांबरही शोधा लागत होतं. स्क्रीनवर एकच ओळ: पट्टे दिसत नाहीत.

भाऊ खवळले. "कॅमेरा खराब हाय बे! बिल पास करताना इंजिनिअर साहेबाले तर सारे दिसले होते!"

"साहेबाले ऑफिसात बसून दिसते, भाऊ. या बिचाऱ्याले रस्त्यावर येऊन पाहा लागते."