रविवारचा पाव

प्रार्थनेतला एक शब्द चुकला आणि टेबलावर टक झालं.

मी डोळे उघडले. समोरची खुर्ची रिकामी होती. फ्रेडाला जाऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते. मी पुन्हा पहिल्यापासून प्रार्थना म्हटली, या वेळी बरोबर. टेबल गप्प राहिलं.

फ्रेडा माझी बायको. आम्ही वसईचे, जन्माने कॅथलिक. सिडनीत आल्यावर ती मॉर्मन या दुसऱ्या ख्रिस्ती पंथात गेली आणि तिच्यामागोमाग मीही. श्रद्धा तिची. मी बस चालवणारा माणूस, सोबत म्हणून गेलो. पण आमच्या चर्चमध्ये पावावर आणि पाण्यावर प्रार्थना म्हणायचा अधिकार फक्त पुरुषाला. मला तो काही आठवड्यांत मिळाला. प्रार्थना शब्दन्‌शब्द बरोबर लागते, एक शब्द चुकला तरी परत म्हणायची.

लॉकडाउनमध्ये चर्च बंद झालं, तेव्हा बिशपने ती घरीच म्हणायची परवानगी दिली. दर रविवारी स्कोफिल्ड्सच्या आमच्या घरात मी जेवणाच्या टेबलाशी गुडघे टेकायचो. कागद बघूनही चुकायचो. समोरून फ्रेडा नखाने टेबल वाजवायची. टक.

"रिव्हर्स घे बस. परत पहिल्या स्टॉपपासून."

"तुला एवढं पाठ आहे तर..."

"तर काय? पाठ मला, अधिकार तुला."

ती वेस्टमीडच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये होती, दिवसभर लोकांचे कोविडचे स्वॅब तपासायची. एकदा स्कर्टऐवजी पँट घालून चर्चला गेली, तेव्हा दोन बायकांनी तिला बाजूला घेऊन समजावलं. पुढच्या रविवारी तीच पँट इस्त्री करून गेली. ब्रिस्बेनहून आमची मुलगी रोशेल फोनवर चिडायची, "मम्मा, यू आर अ फेमिनिस्ट! जस्ट लीव्ह!"

"मी का जाऊ गं? चर्च माझंपण आहे. त्यांनी जरा सरकून बसावं."

ऑगस्टमधल्या एका रविवारी मी कागद उघडला, तेव्हा तिने त्यावर हात ठेवला.

"नॉर्बर्ट, आज मी म्हणते. एकदाच. घरात आपण दोघंच तर आहोत."

"बिशपला विचारतो."

"विचारलंस की तो नाहीच म्हणणार."

तरी मी फोन केला. बिशप भला माणूस, आमच्यात बिशपला पगार नसतो, आठवडाभर प्लंबिंगची कामं करतो. तो म्हणाला, "सॉरी मेट. आय कान्ट."

प्रार्थना मीच म्हटली. फ्रेडाने ताटलीतला आपला तुकडा उचलला नाही.

गुरुवारी तिला ताप आला. पुढच्या रविवारी ती व्हेंटिलेटरवर होती. दफनाला दहाच माणसांना परवानगी होती. राज्याची बॉर्डर बंद, रोशेलने सगळं फोनच्या स्क्रीनवर पाहिलं.

टेबलाचं मी रोशेलला सांगितलं.

"डॅड, इट्स जस्ट द वुड. हीटरने लाकूड वाजतं."

मला पटलं. पुढच्या रविवारी हीटर बंद ठेवला आणि मुद्दाम एक शब्द चुकवला. टक. आवाज तिच्याच बाजूने आला.

मग मला त्याची सवयच लागली. एका रविवारी सात वेळा चुकलो, सातही वेळा आवाज आला. सातव्या वेळी जोरात आला, फ्रेडा कंटाळली की वाजवायची तसा. ताटलीतला पाव सुकून गेला होता. मला माझीच लाज वाटली. बाईला मी अजूनही त्याच कामाला लावलं होतं, माझ्या चुका काढायच्या.

त्यानंतरच्या रविवारी मी ताटलीत दोन तुकडे ठेवले, दोन पेल्यांत पाणी ओतलं. प्रार्थनेचा कागद तिच्या खुर्चीपुढे ठेवला, मग उचलून घेतला. तिला तो कधीच लागला नव्हता.

बिशपला फोन केला नाही. गुडघे टेकले, डोळे मिटले आणि गप्प राहिलो.

फ्रिजची घरघर थांबली. अंगाला गार लागलं, पण मी डोळे उघडले नाहीत. प्रार्थनेला लागतो तेवढा वेळ गेला. टेबलावर एकदाही टक झालं नाही.

दर रविवारी माझी प्रार्थना संपली की आमेन ती म्हणायची.

"आमेन," मी म्हणालो आणि पावाचा तुकडा उचलला.