जिन्यावरची घरभेदी

डबा खायच्या टेबलावर माणसं जेवतात कमी आणि न्यायनिवाडा जास्त करतात. कुठल्याही ऑफिसात जाऊन बघा. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या या छोट्या कारखान्यातही तेच चाले. पूर्वी निवाड्याला रोज विषय पुरत नसे. मग टीव्हीवर हेरांच्या मालिकेचा नवा सीझन सुरू झाला आणि सगळ्यांची सोय झाली.

मालिकेत एक कर्नल होता, त्याचं गुप्तहेर खातं होतं आणि खात्यात कोणीतरी घरभेदी बसून आतली खबर शत्रूला पोचवत होता. तो कोण, एवढाच प्रश्न. शुक्रवारी संध्याकाळी नवा भाग येई आणि शनिवारी टेबलावर त्याची चिरफाड होई.

"डॉक्टरच तो," बिलं करणारे काका छातीठोकपणे सांगत. "मिशी बघा त्याची. सरळ माणसाची मिशी अशी नसते."

"काका, तुमचीही तशीच आहे," नमुनेवाला म्हणे. गिऱ्हाइकाला दाखवायची खोकी हा हाताने कापून, चिकटवून तयार करी. त्याचा संशय कर्नलच्या सेक्रेटरीवर होता.

शेवटचा शब्द मात्र ताईंचा. ताई खोक्यांचे साचे आखत. कुठे घडी, कुठे काप, कुठे चिकटवायची पट्टी, हे सगळं त्यांना आधीच दिसे. सपाट पुठ्ठ्यात उभं खोकं दिसणारी त्यांची नजर. मालिका बघतानाही ती नजर त्या घरी ठेवत नसत.

"सेक्रेटरीनं खिडकीचा पडदा ओढला की नाही? विनाकारण कोण पडदा ओढतं?" ताई विचारत आणि टेबल गप्प होई. मागच्या सीझनचा घरभेदी त्यांनी अर्ध्यातच ओळखला होता. तेव्हापासून त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

या टेबलाची एक खुर्ची हल्ली रिकामी राहू लागली होती. ती भाववालीची. गिऱ्हाइकांना खोक्यांचे भाव कळवायला मालकांनी तिला नव्यानेच ठेवलं होतं. तिशीतली, कामाला चोख, बोलायला बेताची. अजून कायम झालेली नव्हती. तो निर्णय महिनाअखेरीस व्हायचा होता. सुरुवातीला ती सगळ्यांबरोबर बसे, हसे, काकांच्या मिशीवर एकदोन विनोदही तिने केले होते. पण नवा सीझन सुरू झाला आणि शनिवारी टेबलावर गप्पा रंगात आल्या की ही डब्याला झाकण लावून उठे, ती थेट जिन्याच्या पायरीवर जाऊन बसे. कानात इअरफोन.

त्यातच बिस्किटवाल्यांचं मोठं काम हातचं गेलं. पलीकडच्या कारखान्याने यांच्यापेक्षा जरासाच कमी भाव दिला होता.

"पुन्हा तेच. आपला भाव बाहेर कळतो कसा?" मालक कपाळाला आठ्या घालून एवढंच बोलले आणि निघून गेले. वाक्य टेबलावर राहिलं.

"भाव कोणाला ठाऊक असतो?" नमुनेवाल्याने हळूच विचारलं.

आणि ताईंच्या डोक्यात खोकं उभं राहिलं. ही आपल्यातून उठून जाते. जिन्यात बसून कानाला यंत्र लावते. आपल्या फोनवरच्या गप्पांच्या गटातून ही एका शनिवारी सकाळी न सांगता बाहेर पडली. शिवाय ताईंनी स्वतः पाहिलं होतं: आत येण्याआधी ती दाराबाहेर थांबते, कान देते, मगच दार ढकलते. प्रामाणिक माणूस दाराला कान लावतो का?

"रविवारी दिसली होती मला," नमुनेवाल्याने भर घातली. "त्या पिवळ्या इमारतीच्या मागच्या फाटकानं आत गेली. पाटी नाही, काही नाही. रखवालदारानं ओळखीचं हसून सोडलं."

"मागचं फाटक," काकांनी मिशीवरून हात फिरवला. बिचारा डॉक्टर त्या दिवशी निर्दोष सुटला.

यांच्यापैकी कोणी दुष्ट नव्हतं, हे इथे सांगायला हवं. काका तर मुंगी पाण्यात पडली तरी चमच्याने काढत. पण सुतावरून स्वर्ग गाठायची सवय लागली, की सूत कोणाच्या अंगावरचं ओढतोय तिकडे लक्ष राहत नाही. दोन दिवसांत भाववालीचं नाव घरभेदी पडलं. तिसऱ्या दिवशी ताई साच्याचा कागद दाखवायला मालकांकडे गेल्या आणि निघताना दारात थबकल्या.

"साहेब, मी कोणाचं नाव घेत नाही. पण भावाचे कागद कोणाच्या हाती असतात, ते जरा बघा."

नाव न घेता गळा कापायची ही रीत फार जुनी. दुपारपर्यंत भाववालीच्या टेबलावरचे कागद मालकांच्या कपाटात गेले आणि तिच्यापुढे खोक्यांवर लावायच्या पत्त्यांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आला. "या चिकटवा तूर्त. पुढचं महिनाअखेरीला बघू." तिने का म्हणून विचारलं नाही. उमेदवारीवरची माणसं का म्हणून विचारत नाहीत.

संध्याकाळी घरी ताईंनी सासूबाईंना सगळी हकिगत रंगवून सांगितली. सासूबाई मालिकेच्या जुन्या प्रेक्षक. निम्म्या भागात त्यांना डुलकी लागे, पण चुकलेलं काही नसे. त्या मटार सोलत होत्या.

"हातात काही सापडलं का तिच्या?"

"आई, सापडतं कुठे लगेच? पण सगळं जुळतंय ना."

"जुळणारच. जुळवायला तू बसलीस." सासूबाईंनी एक शेंग सोलली. "अगं, मालिकेत कॅमेरा कपावर थांबला की आपण म्हणतो, कपात काहीतरी आहे. बरोबर आहे ते. कारण लेखकानं तो कप तिथे मुद्दाम ठेवलेला असतो. तुमच्या जिन्यात त्या मुलीला कुठल्या लेखकानं बसवलंय?"

"म्हणजे काय?"

"म्हणजे गोष्टीतला पडदा कारणाशिवाय ओढला जात नाही. घरातला पडदा ऊन येतं म्हणूनही ओढतात. आणि काय गं, दाराला कान लावला तो तिनं. रविवारी तिच्या मागावर कोण होतं?"

"मागावर कुठे? दिसली त्याला."

"फाटक मागचं की पुढचं, हे बघण्याइतकी दिसली." सासूबाईंनी वाटी पुढे सरकवली. "हे सगळं करायला तुम्हाला वेळ मिळाला. 'का गं, तू आमच्यात का बसत नाहीस?' एवढं विचारायला मिळाला नाही?"

ताईंना राग आला. वाटी उचलून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि जरा जोरातच भांडी लावू लागल्या. राग सासूबाईंचा नव्हता, हे त्यांना भांडी संपेपर्यंत कळलं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, जेवणाच्या सुट्टीत ताई आपला डबा घेऊन जिन्यात गेल्या आणि भाववालीच्या पायरीवर टेकल्या. तिने दचकून इअरफोन काढले.

"का गं," ताई म्हणाल्या, "तू आमच्यात का बसत नाहीस?"

तिने ताईंकडे पाहिलं, मग टेबलाच्या दिशेने. "ते मालिकेवर बोलताहेत का?"

"शनिवारी दुसरं काय बोलणार?"

"म्हणूनच. मला पुढचं कळलेलं चालत नाही, ताई." ती ओशाळून हसली. "माझे बाबा त्या पिवळ्या इमारतीच्या मागच्या बाजूला शुश्रूषा केंद्रात असतात. नजर गेलीय त्यांची. पण ही मालिका जीव की प्राण. शुक्रवारचा भाग आम्ही रविवारी फोनवर लावतो. संवाद त्यांना ऐकू येतात, पण पडद्यावर नुसतं चाललेलं असतं ते मी सांगते. कोण आलं, कोणी कोणाकडे पाहिलं, असं. मला आधीच ठाऊक असलं की माझ्या आवाजात येतं ते. बाबा लगेच ओळखतात. 'तुला माहीत आहे,' म्हणतात आणि गप्प बसतात. तेवढी एकच मजा उरलीय त्यांना."

"आणि फोनवरचा गट?"

"शनिवारी सकाळी उघडला तर काकांनी शेवट लिहून टाकला होता. निम्मा वाचला आणि बाहेर पडले. तेव्हापासून आत येतानाही आधी ऐकते, तुम्ही कुठल्या विषयावर आहात ते."

सगळे पुरावे तेच होते. एकही खोटा नव्हता. फक्त खोकं चुकीचं उभं केलं होतं.

"तुझे कागद काढून घ्यायला साहेबांना मी सांगितलं," ताई म्हणाल्या. इतक्या सपाट आवाजात त्या आयुष्यात बोलल्या नव्हत्या.

भाववालीने डब्याला झाकण लावलं. "मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं," ती म्हणाली. "काल घरी जाऊन रात्रभर शोधत होते, काय चुकलं ते."

ताई उठल्या आणि मालकांच्या खोलीत गेल्या.

"साहेब, काल मी बोलले ते मागे घेते. माझ्याकडे पुरावा नव्हता. एक मुलगी जिन्यात बसते, एवढंच होतं."

"मग भाव फुटला कसा?"

"ते मला ठाऊक नाही. ठाऊक नाही, हेच तेव्हा म्हणायला हवं होतं."

मालकांनी थोडा विचार करून बिस्किटवाल्यांना फोन लावला. त्यांचा खरेदीवाला मनापासून हसला. "अहो, तुमचा भावाचा कागद आम्हीच दुसऱ्या कारखान्याला दाखवतो, घासाघीस करायला. त्यांचाही तुम्हाला दाखवला असता, तुम्ही कधी विचारलंच नाही."

भावाचे कागद त्याच दुपारी परत आले. महिनाअखेरीला भाववाली कायम झाली. पण त्याआधी ताईंनी टेबलावर, सगळ्यांदेखत, तिची माफी मागितली. काकांनी आणि नमुनेवाल्यानेही मान खाली घालून मागितली. भाववालीने ती लगेच दिली नाही. "बघू," म्हणाली. तो तिचा हक्कच होता.

टेबलाने एक नियम मात्र केला: शनिवारी मालिकेचं नाव काढायचं नाही, निवाडा सोमवारी. काकांना शनिवार फार जड गेला. त्या सोमवारी भाववाली आपल्या खुर्चीवर येऊन बसली.

"बाबा म्हणतात, सेक्रेटरी घरभेदी नाही," तिने डबा उघडत सांगितलं.

"अगं, पण पडदा ओढला तिनं," नमुनेवाला उसळला. "आणि कोणाशी बोलत का नाही ती?"

"ते म्हणतात, तिला अजून कोणी काही विचारलंच नाहीये."

मग ताईंनी आपला डबा तिच्यापुढे सरकवला आणि तिने त्यातला एक घास घेतला.

वाचकहो, मालिका जरूर बघा, वादही घाला. जिवाला तेवढाच विरंगुळा. पण तिथे संशय हा खेळ असतो, कारण तिथला आरोपी भाग संपला की तोंड धुऊन आपल्या घरी जातो. आपल्या शेजारच्या खुर्चीवरचं माणूस मात्र आपला संशय घरी घेऊन जातं आणि स्वतःची चूक शोधत बसतं. म्हणून कोणाच्या वागण्याचा अर्थ लागत नसेल, तर तो लावत बसण्याआधी दोन पायऱ्या उतरा, शेजारी बसा आणि विचारा. उत्तर बहुतेक वेळा साधंच असतं.