कुत्रीची अकरा पानं, पिस्तुलाचं एक

जिजींच्या घरात कुठलाही कागद जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचल्याशिवाय त्यावर सही व्हायची नाही. जिजी तिसरीपर्यंतच शिकलेल्या. अक्षरं जुळवत बसण्यापेक्षा ऐकणं त्यांना परवडायचं, आणि एकदा ऐकलेलं त्या जन्मात विसरत नसत.

त्या शनिवारी सकाळी टेबलावर अकरा पानं होती आणि समोर प्राण्यांच्या संस्थेच्या बाई, हातात मोजपट्टी घेऊन. प्रश्न एका कुत्रीचा होता. बारा वर्षांची, लंगडी. जिजींनी महिन्यापूर्वी तिला संस्थेत पाहिलं. बाकीची कुत्री जाळीशी येऊन लाडीगोडी करत होती, ही पाठ फिरवून बसलेली. "हिला मान आहे. हीच न्यायची," जिजींनी तिथेच ठरवलं. आज कागद पुरे झाले नाहीत, तर सोमवारी तिला दूरच्या मोठ्या संस्थेत हलवणार होते. तिथे लंगड्या म्हातारीला कोण हिंग लावून विचारणार?

लेक वाचत होता. "कुंपणाची उंची?"

"ती मी मोजली," बाई म्हणाल्या. "दोनदा."

"प्राणी दिवसातून किती तास एकटा राहील?"

"एकही नाही. मला कुठे कचेरी आहे?"

"आधी कुणाला सांभाळल्याचा अनुभव?"

"एक नवरा, चार पोरं. नवरा गेला, पण तो वय झालं म्हणून. तसं लिहा, नाहीतर माझ्यावर यायचं."

"आजी, अनुभव प्राण्यांचा हवा," बाई म्हणाल्या.

"तुम्ही त्यांना पाहिलं नव्हतं. आणि आजी मी या पोरीची," टेबलाच्या टोकाला चित्र रंगवत बसलेल्या नातीकडे बोट दाखवत जिजी म्हणाल्या. "तुम्ही जिजी म्हणा."

शेजारच्या घड्याळवाल्यानं दाखला दिला होता, 'बाई तोंडाच्या फटकळ, पण पोटात काही ठेवत नाहीत.' तोही वाचून झाला. मग आठव्या पानानंतर लेकानं थेट दहावं उचललं.

"नववं कुठे गेलं?"

लेकानं घसा खाकरला. "घरात शस्त्र आहे का, एवढंच आहे त्यात."

"मग नाही म्हण, पुढे चल."

सुनेनं त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याचं सगळं बाहेर आलं. "पिस्तूल घेतलंय. गेल्या आठवड्यात. चोऱ्या किती वाढल्यात, आई!"

"घेतलंस? या टेबलावर न वाचता?"

"वाचायला होतंच काय? एक पान."

"आण ते पान."

पानावर नाव, पत्ता, वय आणि शेवटी एक प्रश्न होता, 'आपलं डोकं ठिकाणावर आहे का?' शब्द जरा सभ्य होते इतकंच. 'होय'वर खूण केलेली.

"हे कुणी तपासलं?"

"मीच खूण केली."

"किती वेळ लागला?"

"वीस मिनिटं. त्यात दुकानदार मध्ये चहाला गेला होता."

"आणि घर बघायला कोण आलं? कुंपण कुणी मोजलं?"

जिजींनी चष्मा सारखा केला. "बाई, जरा दम धरा. तुमचेच प्रश्न मी याला विचारते. काय रे, ते दिवसातून किती तास एकटं असतं?"

"दिवसभर. मी कामावर असतो ना."

"ठेवतोस कुठे?"

"कपाटात. मोज्यांखाली."

"कुलूप?"

"वर मोजे आहेत की."

"चोर मोजे बघून परत जाणार होय रे? बरं, तू बाहेरगावी गेलास तर त्याच्याकडे कोण बघणार?"

"आई, ते काही खात नाही!"

"म्हणून तर विचारते. कुत्रीचं काही बिनसलं तर ती भुंकेल तरी. आता शेवटचं. तुझ्यामागे ताबा कुणाकडे?"

लेकानं तोंड उघडायच्या आत नातीनं वर्गात करतात तसा हात वर केला.

"माझ्याकडे! मला ठाऊक आहे कुठे आहे ते. लाल मोज्यांखाली."

बाईंचं पेन थांबलं. सुनेनं उठून गाडीची किल्ली आणली आणि नवऱ्यापुढे ठेवली.

तासाभरात लेक रिकाम्या हातांनी परतला.

"दुकानदारानं घेतलं परत? काही विचारलं?"

"विचारलं. याहून मोठं दाखवू का म्हणून."

नववं, दहावं भरून झालं. उरलं अकरावं पान. अर्जदार सत्तरीच्या पुढचा असेल, तर त्याच्यामागे प्राण्याची जबाबदारी घेणाऱ्याची सही. जिजी शहात्तरच्या.

लेकानं पेन खाली ठेवलं. आधीच त्याचा पापड मोडला होता. "मला कुत्री आवडत नाहीत, आई. तुला ठाऊक आहे."

जिजींनी या पोराला आयुष्यभर हुकूम सोडले होते. उठ, बस, जेव, लग्न कर. आताही एक हुकूम जिभेवर आला. पण बाईंनी आधीच बजावलं होतं, ही सही राजीखुशीनं हवी. जिजींनी पाण्याचा पेला उचलला, न पिता खाली ठेवला.

"माझ्यासाठी कर," त्या म्हणाल्या.

"काय म्हणालीस?"

"ऐकू आलंय तुला. दुसऱ्यांदा म्हणणार नाही."

लेकानं आईकडे बघितलं, बघतच राहिला आणि मग पेन उचलून सही केली. पुरं नाव, ठसठशीत.

"उद्या घेऊन येते तिला," बाई कागद गोळा करत म्हणाल्या.

"आणि मला चावली तर?" लेकानं विचारलं.

"त्याचाही फॉर्म आहे," बाई म्हणाल्या आणि पिशवीत हात घातला. "चारच पानं आहेत."