वेल्माच्या अंगणातले हलके पातेले

मित्रांनो, मी एक जुने पातेले आहे. ॲल्युमिनियमचे, उंच, अखंड टर्की पक्षी पोटात मावेल एवढे. अमेरिकेत, दक्षिण लुइझियानात, खाडीकाठच्या कोळंबीवाल्यांच्या वस्तीत माझी सगळी वर्षे गेली.

दुकानात माझ्या शेजारी स्टीलचे पातेले होते, आरशासारखे लखलखीत. एल्फेज नाकँ आणि त्याची बायको वेल्मा आम्हा दोघांसमोर बराच वेळ उभी राहिली. तीस वर्षे बोटीवर जाळी ओढून एल्फेजचा उजवा खांदा कामातून गेला होता.

"स्टीलचं घे," वेल्मा म्हणाली. "आंबट-खारट काहीही ठेवलं तरी बिघडत नाही. जन्मभर पुरेल."

"आणि उचलणार कोण? तुझा भाऊ? तो जेवायच्या वेळेलाच उगवतो!" एल्फेजने मला डाव्या हाताने सहज वर धरले. "हे बघ, हलकं आहे. तेलही लवकर तापेल."

"बरं. पण यात फक्त तळायचं हं. दुसरं काही नाही."

दर नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला मला अंगणात, घरापासून लांब, गॅसच्या शेगडीवर चढवत. एल्फेज पक्षी आतून-बाहेरून फडक्याने कोरडा करी, शेगडी बंद करून तो हळूहळू तेलात सोडी आणि मगच पुन्हा जाळ लावी. कुरकुरीत कातड्यासाठी पाहुण्यांची झोंबाझोंबी चाले. माझेही कौतुक होई.

सहाव्या वर्षी पाहुणे वाढले. घरातली मोठी भांडी सगळी अडकलेली. वेल्माने टर्की मीठ-लिंबाच्या पाण्यात मुरत ठेवली, ती माझ्यातच. दुसऱ्या दिवशी मी आतून काळे पडले होते, आणि मांसाला धातूचा वास येत होता.

"नासलं की काय हे?" वेल्माचा भाऊ पहिल्याच घासाला म्हणाला.

एल्फेजने दुसरा मोठा तुकडा वाढून घेतला. "मला आवडलं बुवा."

वेल्मा उठून आत गेली. पुढच्या वर्षी तिने स्वतः स्टीलचे पातेले आणले. मला शेडमध्ये, खेकडे धरायच्या ओल्या पिंजऱ्यांखाली जागा मिळाली. खारी हवा माझे अंग खात राहिली. काही वर्षांनी एल्फेज वारला. त्या नोव्हेंबरात अंगणात शेगडी पेटली नाही.

मग चक्रीवादळ आले. चार दिवस वीज नव्हती. घरोघरचे फ्रीझर वितळू लागले, तेव्हा लोक आपापले मांस घेऊन वेल्माच्या अंगणात जमले. स्टीलच्या पातेल्यात कोळंबी-भात शिजत होता. शेजारच्या टिल्मनने मला शेडमधून ओढून काढले, घासले आणि तेलाचा डबा उघडला.

"थांब," वेल्मा म्हणाली. "आधी पाणी भरून बघ."

"वेल्माबाई, टर्की पार वितळलीय. पोरं सकाळपासून उपाशी आहेत."

"पाच मिनिटांनी मरत नाहीत. भर पाणी."

टिल्मनने तोंड वाकडे करत मला काठोकाठ भरले. थोड्या वेळाने माझ्या बुडाखाली एक थेंब जमला. तो पडला. मग दुसरा.

टिल्मन शेगडीकडे बघतच राहिला. तिच्यापासून दोन हातांवर त्याची धाकटी मुलगी चिखलात खेळत होती. "तेल असतं तर..." एवढेच तो बोलला. मग त्याने जाऊन पोरीला उचलून घेतले.

वेल्माने मला रिकामे केले आणि आतल्या खड्ड्यांवरून बोट फिरवले. "सुरुवात मी केली होती. लिंबू घालून," ती म्हणाली. "एल्फेजने एकदाही बोलून दाखवलं नाही."

भात उतरेपर्यंत सगळे थांबले. पोरांना तो आधी वाढला. स्टील तापायला वेळ लागला, आणि शेवटी ते पातेले उतरवायला दोन गडी लागले. पण त्या दुपारी कोणी भाजले नाही आणि कोणी उपाशी राहिले नाही.

मित्रांनो, भांडे घेताना नुसती चकाकी पाहू नका. ते उचलणारे हात कोणाचे, आणि त्या धातूला काय सोसते, ते बघा. तेल ओतण्याआधी पाणी भरून पाच मिनिटे थांबा. भुकेल्या माणसालाही तेवढा वेळ असतो.

आज भंगारवाल्याचा ट्रक दारात उभा आहे. मला त्याच्या हाती देण्याआधी वेल्मा कोरड्या फडक्याने आतून पुसते आहे.

"वितळवायचंच आहे, बाई. पुसता कशाला?" तो विचारतो.

काठाखालची ओल तेवढी राहिली आहे. वेल्मा ती टिपते आणि मला त्याच्या हातात देते.