दिवाळीनंतर आटणारा झरा

सकाळी सात वाजता माळाखालच्या कोरड्या ओढ्यात तीनशे माणसं उभी होती. खडकाच्या भेगेतून पाणी उसळत होतं, त्यावर पांढरा फेस. वर उदाचा दाट धूर.

"आईला पान्हा फुटला!" सुंदरबाबा गरजले. "दिवाळीला लेकरं ऊस तोडायला गेली, आई सुकली. चैतात लेकरं परत आली, आई भरली! अजून पुरावा पायजे का कुणाला?"

पुरावा बाभळीला टांगलेलाच होता. आमच्या दैनिकाचं कात्रण, प्लास्टिकमध्ये घालून: 'कोरड्या ओढ्यात झरा, भाविकांची रीघ'. बातमी माझी होती.

पुढेच मंजुळाबाई बसली होती. आठ दिवसांपूर्वीच ती कारखान्यावरून परतली होती. मांडीवर चार वर्षांची नात, मोहिनी. पोरीला तीन दिवस जुलाब. डोळे खोल गेलेले. बाबांनी औषध बंद करून एकवीस ओंजळी तीर्थ सांगितलं होतं. ही चौदावी ओंजळ.

"मावशी, पोरीला दवाखान्यात न्या," वर्षाराणी म्हणाली. ओढ्याच्या वरच्या अंगाला गावाचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे. ती तिथे ऑपरेटर.

"कावून न्यायचं? पेपरात आलंय की. खोटं कसं असंल?"

वर्षाराणीने माझ्या हातात चिठ्ठी दिली. "मोठ्यानं वाचा, साहेब."

"साडेसातच्या सुमारास झरा हिरवा होईल. आठच्या सुमारास लाल."

"ऐका बे, घाणीच्या टाकीवरची बाई भविष्य सांगायली!" गर्दीतून कोणी ओरडलं. लोक हसले.

सात पस्तीसला पाणी हिरवं झालं. हसू थांबलं. बाबा मात्र क्षणभरही अडखळले नाहीत.

"आईनं हिरवा चुडा भरला!"

माणसं आडवी पडली. मंजुळाबाईने ओंजळ पुढे केली. वर्षाराणीने तिचा हात धरला.

"थांबा मावशी. बाबा, चिठ्ठीत पुढचा रंग लाल हाय. तो येणार का न्हाई, तुमी सांगा."

"आई कुणाच्या चिठ्ठीवर चालत न्हाई. आता निव्वळ दूध येईल!"

आठ वाजून सात मिनिटांनी लाल पाणी आलं. या वेळी कोणी आडवं पडलं नाही.

वर्षाराणीने रंगपंचमीच्या रंगाची रिकामी पाकिटं दाखवली. केंद्राकडे येणारा मोठा पाइप शेवटच्या चेंबरपाशी फुटला होता. दुरुस्तीसाठी तिने दोनदा लिहून दिलं होतं. सात वाजता तिने त्या चेंबरमध्ये हिरवा रंग ओतला, अर्ध्या तासाने तिचा सहकारी आश्रुबा याने लाल. पाणी टाकीत पोचतच नाही, भेगेतून खाली उतरतं. गाळ वाटेत अडकतो, म्हणून ते नितळ दिसतं. जंतू अडकत नाहीत. फेस साबणाचा. सकाळी जोर, कारण आंघोळी आणि धुणी सकाळी होतात.

"दिवाळीनंतर अर्धं गाव कारखान्यावर जातंय. न्हाण्या, संडास बंद. मग झरा आटणारच. तुमी परत आलात की भरणारच. मावशी, ही आपलीच घाण हाय."

मंजुळाबाईने ओंजळ सोडली आणि पोरीला उचलून धावत सुटली. बाबांच्या राहुटीत पिण्याच्या पाण्याचे दोन जार निघाले. स्वतः ते जारचं पाणी पीत होते.

दुपारी ग्रामीण रुग्णालयात मोहिनीला सलाईन लावलं होतं. डॉक्टर म्हणाले, पोरगी वाचेल. पण उद्यापर्यंत थांबला असतात तर सांगता आलं नसतं. मी खाटेपाशी उभा होतो.

"तुमी झरा येऊन बघितला व्हता का हो, लिवायच्या आधी?" मंजुळाबाईने विचारलं.

"नाही मावशी. फोनवर ऐकून लिहिलं."

ती पोरीचं तोंड पदराने पुसू लागली.

ओढ्यापासून तो चेंबर दोनशे पावलांवर आहे. मी तेवढंही चाललो नाही. चमत्कार बाबाने सांगितलेला असो की पेपरात छापलेला, तुम्ही तरी वर चढून पाहा, पाणी येतं कुठून. आणि लेकरू आजारी असेल, तर त्याआधी दवाखाना गाठा.